प्लास्टिकच्या बाईला साडी

जळगावच्या आमच्या शाळेत मानवी शरीराचं एक मॉडेल आहे. प्लास्टिकची बाई. मानेपासून मांड्यांपर्यंतच, पोटाचं झाकण काढलं की आतले अवयव एकेक करून हातात घेता येतात. फक्त गर्भाशयाचा तुकडा तेवढा मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात, कुलपात. उघड्यावर ठेवला तर पोरं बिघडतील म्हणे. त्याच पोटातून सगळी शाळा जन्माला आली, मुख्याध्यापकांसकट, हे त्यांना कोण सांगणार?

तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी त्या बाईला साडी नेसवायचा हुकूम सोडला. हात नाहीत, पाय नाहीत, पण पदर पाहिजे! नेसवली मीच. विज्ञान शिकवते ना मी. निऱ्या खोचायला जागा मिळेना, तेव्हा त्या रिकाम्या पोटातच खोचल्या.

दिवाळीला दोंडाईच्याजवळच्या माहेरी गेले तेव्हा हा किस्सा रंगवून सांगितला. भाऊ हसला, वहिनीची तर हसून पुरेवाट झाली. आई मात्र ताडकन उठून मागच्या दाराने निघून गेली. "झालं तोंड वाकडं," भाऊ म्हणाला. आई हसत नाही, हे आमच्या सगळ्या भावकीत ठाऊक होतं. लग्नात पंगतीला खाली बसायची नाही, थट्टामस्करी सुरू झाली की उठून जायची. बायका तिला शिष्ट म्हणायच्या. लेक असून मीही म्हणायचे.

चार शब्द सुनावायलाच मी तिच्या मागे गेले. ती गोठ्याच्या भिंतीला धरून उभी होती. एक हात लुगड्यावरून मांड्यांमध्ये घट्ट दाबलेला.

"माले हसाडू नको, माय," ती म्हणाली. "ते खाले येस."

तिचं अंग बाहेर येत होतं. धाकट्या भावाच्या जन्मापासून. बाळंतपणाला महिना झाला नव्हता तोच डोक्यावर कापसाची गाठोडी चढली होती. तेव्हापासून हसलं, खोकलं, उकिडवं बसलं की गर्भाशय खाली उतरायचं. चिंधीची घडी लावून ती ते आत सारायची आणि कामाला लागायची. मी दवाखान्याचं नाव काढलं तर तिने माझं मनगटच धरलं. "हाई निंघनी का मांगेतून बठ्ठं निंघी जाई," म्हणाली. पिशवी काढली की तिच्यामागून आतडी, काळीज, सगळंच.

आणि मी? मी वर्षानुवर्षं फळ्यावर गर्भाशय, अंडाशय, अंडवाहिन्या काढत आले. नावांचे बाण पट्टीने आखते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

भावाला सांगितलं तर तो खाली मान घालून म्हणाला, "या वयमा आते कसाले?" म्हणजे इतकी वर्षं सोसलं, तर उरलेलीही सोसावीत. त्याच्याशी मी वाद घातला नाही. सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. कशाला, म्हणाले. आईला शिकवायचंय, म्हटलं.

तो तुकडा टॉवेलात गुंडाळून शनिवारी एसटीने गावी नेला आणि आईच्या तळहातावर ठेवला. ही पिशवी, पेरूएवढी. हिला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत, म्हणून ही उतरते. आतडी वेगळी, काळीज तर कुठल्या कुठे वर.

तिने तो उलटासुलटा करून पाहिला. "इतलीशी शे हाई?" एवढंच म्हणाली.

धुळ्याला ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा ती अंगणात चक्क मांडी घालून शेंगा निवडत होती. मला बघितलं आणि म्हणाली, "ते साडीनं आखो एकदाव सांग."

पुन्हा सांगितलं. निऱ्या पोटात खोचल्या इथवर आले आणि ती तोंड उघडून खदाखदा हसली. तिचे खालचे दोन दात पडलेले होते. ते कधी पडले, मला माहीत नव्हतं.