पाटीला दाखवलेलं ऊन

मे महिन्यात आमच्या घरात उन्हाचं वेळापत्रक असतं. ते माझ्या सासूबाईंच्या डोक्यात असतं, पण इतकं पक्कं की माझ्या कारखान्यातल्या नोंदवहीत त्याहून जास्त खाडाखोड सापडेल. गोधड्या दोन दिवस. उशा दीड. मिरच्या तीन. आमसुलांना सर्वांत जास्त, कारण रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं पाच वेळा करावं लागतं. पावसाआधी घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी गच्चीवर जाऊन आली पाहिजे. याला त्या ‘ऊन दाखवणं’ म्हणतात. रत्नागिरीत सगळेच म्हणतात. इथे ओल एकदा घरात शिरली की चार महिने हलत नाही, आणि कपाटातल्या चपलांवरसुद्धा पांढरी बुरशी धरते.

मी मासळीच्या कारखान्यात तापमान तपासते. कोळंबीच्या खोक्यात थर्मामीटरची सळई खुपसायची, उणे अठरा आहे का बघायचं आणि लिहायचं. एकवीस वर्षं हेच काम. वेळ सकाळी सहा ते दोन. नवरा लोट्याला नोकरीला असतो आणि शनिवारी येतो. त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस घरात आम्ही दोघीच.

तिसरी होती ती सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची मावशी, पण ती टॅबवर. देवरूखच्या पुढे डोंगरातल्या गावात असते. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. फोनवर दोघींचं बोलणं होणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने टॅब आणला. माझ्या मोबाइलवर सासूबाईंना तिचा चेहरा नीट दिसत नसे, टॅबवर दिसे. कॉल कसा लावायचा हे शिकायला त्यांना नऊ दिवस लागले. त्यानंतर रोज सव्वाचारला त्या स्वतः लावू लागल्या. सरासरी सोळा मिनिटं चालायचं. त्या बोलायच्या, आज काय वाळत घातलं ते सांगायच्या, टॅब गच्चीवर नेऊन मिरच्या दाखवायच्या. बहीण डावा हात वर करायची. एवढंच. टॅबला त्या ‘पाटी’ म्हणायच्या. आकार तोच, रंगही तोच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. मी दोन चाळीसला घरी आले. सासूबाई पडवीत वारा घेत बसल्या होत्या आणि खुशीत होत्या. आज गोधड्यांचा निकाल लावला, म्हणाल्या, आणि चौथ्यांदा बुडवलेली आमसुलंही वर घातली. मग सहज म्हणाल्या, “पाटीलासुद्धा ऊन दाखवलं हो. साडेअकराला नेली वर.”

मी चपला न काढता जिना चढले.

गोधड्यांच्या रांगेतच होती. खाली घडी केलेला पंचा, वर मलमलचं फडकं, चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे चार खडे. कावळ्यांसाठी. तीन तास दहा मिनिटं झाली होती. फडकं काढून हात लावला आणि मागे घेतला. टॅब पालथा होता, म्हणजे मध्ये त्यांनी तो उलटलाही होता. पाठ फुगली होती आणि एका कडेला काच इतकी उचलली होती की फटीत नख जावं.

माझ्या कामात गरम झालेली वस्तू बर्फात घालायची असते. फ्रीजकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. पण फुगलेल्या बॅटरीला छेडू नये एवढं ऐकून होते. टॅब सुपात ठेवून पडवीच्या कोपऱ्यात सावलीला नेला. घरात माझा एक जुना थर्मामीटर आहे. दोन दशांश जास्त दाखवतो म्हणून कारखान्यातून बाद झालेला. तो लांबूनच पाठीला टेकवला. पन्नासच्या वर होता. पाऊण तासाने छत्तीसवर आला. सुरू काही झाला नाही.

सव्वाचारला सासूबाई केस सारखे करून खुर्चीत बसल्या. “लागत नाही का गो?”

“तापलीय. निवू दे,” मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे रिक्षाने गेलो. त्या हट्टाने बरोबर आल्या. पोरगेलासा, हसरा माणूस. त्याने टॅब एका नजरेत ओळखला. बॅटरी गेली, पडद्याखालचा डिंक सुटला, आतलं बोर्डही बहुतेक भाजलंय, आता घरात ठेवू नका, माझ्याकडेच ठेवा, म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. “वहिनी, वाळत घातला होतात की काय?”

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “हो. वाळतच घातली होती.”

तो हसायचा थांबला. स्टूल पुढे करून त्यांना बसवलं, पाणी दिलं. गाडीत विसरून असे बरेच जण आणतात, आजी, असंही म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी मी आले तर गच्चीचं दार बंद. आमसुलं आदल्या संध्याकाळी रसात घातली होती, ती तशीच. पाचवं ऊन राहिलं तर वर्षाचं पातेलं नासतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी ती वर नेऊन पसरली. त्या बाजेवर पडून होत्या.

“तूच बघ आता,” त्या म्हणाल्या. “माझं ऊन चुकायला लागलं.”

नवऱ्याने फोनवर सांगितलं, शनिवारी दुसरा टॅब आणतो. त्यांनी निरोप पाठवला, आणू नको, मी हात लावणार नाही. माझ्या मोबाइलवरून बहिणीला बघा म्हटलं तर म्हणाल्या, तुझापण जाळीन. त्यांच्या भाचेसुनेचा, म्हणजे बहिणीच्या सुनेचा, फोन आला. सव्वाचार झाले की मावशींची नजर फळीवर त्यांचा टॅब असतो तिथे जाते, आणि साडेपाचपर्यंत तिथेच राहते, असं तिने सांगितलं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी भांडी घासताना मला आठवलं. गेल्या श्रावणात टॅबच्या कव्हरवर बुरशी धरली होती आणि कॅमेऱ्यावर वाफ. बहिणीला सासूबाईंचा चेहरा धुरकट दिसत होता. तेव्हा मी फडक्याने पुसत म्हटलं होतं, “याला ऊन लागलं नाही ना आई, म्हणून.” शब्दशः असंच. मी सहज बोलले आणि विसरले. त्यांनी ते वेळापत्रकात लिहून ठेवलं.

मी हात पुसून त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, की हे मी म्हटलं होतं. तुमचं ऊन चुकलं नाही, माझं सांगणं चुकलं.

त्यांनी कूस बदलून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हटलं होतंस खरं. पण माझ्या समाधानासाठी बोलू नको.”

समाधानासाठी बोलायचा माझा स्वभाव नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी थर्मामीटर घेतला आणि त्यांना हाताला धरून वर नेलं. पावणेबारा वाजले होते, त्या दिवशी मी रजा घेतली होती. गच्चीच्या लादीवर सळई टेकवली. अठ्ठावन्न आणि दोन दशांश. दोन वजा, अठ्ठावन्न. आमसुलांच्या ताटात चोपन्न. आंब्याच्या सावलीत, कठड्यावर, चौतीस. आकडे त्यांनी स्वतः वाचले, चष्मा वर करून. टॅबला पस्तिसापर्यंतच चालतं, असं त्याच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, हेही दाखवलं. तो कागद मी जपून ठेवला होता, आणि वाचला तो त्या दिवशी.

“म्हणजे हिला सावलीच हवी,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचंस.”

तेवढं झालं, पण खाली येऊन पुन्हा बाजेवर पडल्या.

शनिवारी नवीन टॅब आला. सव्वाचारला मी त्यांच्यापुढे धरला, कारण त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. पडद्यावर बहीण आली. हात वर केला नाही. तीन दिवस वाट पाहिलेला चेहरा होता तो, आणि मला त्याकडे बघवेना.

“रागावलीस?” सासूबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “अगो, मी पाटी वाळत घातली. गोधड्यांच्या रांगेत. वर फडकं घातलं, कावळा नेईल म्हणून.”

पलीकडून एक आवाज आला. घशात काही अडकल्यासारखा. भाचेसून पाण्याचा पेला घेऊन धावत आली आणि पेला हातात तसाच धरून उभी राहिली. मावशी हसत होत्या. अर्धं तोंड हलत होतं, अर्धं नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी. मग डावा हात वर झाला. तळवा वर, तळवा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

मला कळलं नाही. सासूबाईंना कळलं.

“उलटली तर! दीड तास तोंड वर, मग पालथी. मी अशी सोडीन होय?”

आणि पदराखालून हात काढून त्यांनी टॅब माझ्याकडून घेतला. त्या दिवशी बेचाळीस मिनिटं झाली.

रविवारी सकाळी उठले तर गच्चीचं दार उघडं. मिरच्या घातलेल्या होत्या. टॅब दिवाणखान्यातल्या कपाटात, खिडकीपासून दूर, वर मलमलचं तेच फडकं. दुपारी मला वरून हाक आली, तुझी ती सळई आण, आज ऊन किती आहे बघू. मी मोजलं आणि सांगितलं, छप्पन्न.

“त्यातले दोन वजा केलेस का?” त्यांनी विचारलं.