गाळलेलं घर

लढाईच्या त्या वर्षांत धारच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना एकाएकी फौजेचा पुळका आला होता. भर चैत्रात, माळव्याच्या उन्हात अंगाची लाही होत असताना, आम्ही लोकरीचे मोजे विणत बसायचो. मोजे, मेतकूट, लिंबाचं लोणचं अशी पेटी भरून दरबारात जायची आणि तिथून दर्यापार, बसऱ्याच्या आघाडीवर. ज्यांची तोंडंही कधी दिसायची नव्हती, त्या शिपायांसाठी आमचा जीव तीळतीळ तुटायचा. गल्लीतून लढाईवर मात्र एकाच घरचा माणूस गेला होता.

त्याची बायको माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मोज्याची टाच कशी वळवायची, ते मला तिनंच शिकवलं होतं. चार महिने तिला पत्र नव्हतं. त्यातच देवासहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, की त्याच्या पलटणीतले बरेच जण कामी आले. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण गल्लीला तेवढं पुरलं.

माझे सासरे दरबारच्या दप्तरात होते. पलटणीचे कागद, मेल्या-जखमींच्या याद्या आधी त्यांच्या हाती येत. त्याच्याबद्दल काहीच आलं नव्हतं, हे ते रोज घरी सांगत.

आमच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि पेटी भरणं एकाच दिवशी होतं. सकाळी बोलावण्यासाठी करंडा माझ्या हातात देताना सासूबाई म्हणाल्या, त्या घरचं राहू दे. उद्या वाईट बातमी आली तर आपल्या हातचं कुंकू नको. मला संताप आला. पण नव्या सुनेचा संताप माजघराबाहेर पडत नसे. मी मुकाट्यानं निघाले.

बोलावणं दारोदार करायचं, कुंकवाचं बोट लावायचं आणि पुढच्या दारी जायचं. मधलं घर गाळलं तर त्याचा अर्थ एकच होतो, की त्या घरात सवाष्ण नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेजारचं बोलावणं करून बाहेर आले, तर ती आपल्या दारात उभी होती, पदर सारखा करून, चेहरा हसरा. मी मान खाली घातली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. पन्हं फिरत होतं, पेटीत मोजे रचले जात होते, आणि ती आली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. तिनं आपल्या हातचा मोज्यांचा जोड पेटीत ठेवला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वहिनी, खबर आली असेल तर सांगून द्या. कागद पहिले तुमच्याच घरी येतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही भ्यालो होतो अफवेला. तिला वाटलं, दरबारात कागद आला, म्हणूनच मी तिचं दार गाळलं. सासूबाई काहीतरी खुणावत होत्या. मी तिकडे पाहिलं नाही.

"कागद आलेला नाही," मी म्हणाले. "गौरीची शपथ. काहीच आलेलं नाही."

मी करंड्यात बोट बुडवलं, तसा तिनं पदर मागं सारला. कपाळ पुसलेलं होतं. दोन्ही हात रिकामे होते, आणि मनगटावरचा काचेचा एक ओरखडा अजून ओला होता.

मी कुंकू लावलं. घाईत ते भुवईपर्यंत सांडलं. सासूबाई उठून आत गेल्या आणि स्वतःच्या ठेवणीतल्या हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. बांगड्या तिच्या हातात चढवताना त्यांना रडू आवरेना. ती रडली नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तो जखमी होऊन इस्पितळात होता, पण जिवंत होता. सासरे स्वतः ते पत्र तिला देऊन आले. गल्लीभर साखर वाटली गेली, आमच्याकडेही आली. मला ती तोंडात घालवेना. नवरा जिवंत असताना एक अख्खी दुपार ती घरात एकटी, विधवा होऊन बसली होती. आणि ते मी केलं होतं.