ज्याने रॉकेट थांबवलं

माझा दोस्त दामू गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचीच नक्कल करत होतो. पनवेलच्या बाजारातलं शिंप्याचं दुकान, समोर पाचसहा टाळकी. मी दामूसारखी मान तिरकी करून आधी शिलाई मशीनवर, मग कपाटावर आणि शेवटी शिंप्याच्या टकलावर बोटाची पेरं वाजवली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, "हे काही उडायचं नाही!" दुकान हसत होतं. तेवढ्यात दारात दामूचा मेहुणा आला. म्हणाला, "भाऊजी गेले. दाढी करता करता, बसल्या जागी." माझी बोटं टकलावरच राहिली... सहा आठवडे झाले, ती अजून तिथून निघालेली नाहीत.

ही वाजवून पाहायची खोड दामूने बापाकडून उचलली होती. बाप बैलगाडीची चाकं करायचा. तयार चाकावर टिचकी मारायचा, आवाज बद्द आला की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चाक द्यायचा नाही. "चाक बोलाया पायजे," म्हणायचा, "नाय बोललं तर आमी देत नाय."

दामू मात्र फिटर झाला आणि थेट दक्षिणेकडच्या समुद्रकाठी, रॉकेट उडवतात तिथे लागला. मी गावभर सांगितलं की दामू चंद्रावर रस्ता बांधतोय. त्याने मला खडसावलं, "नाटक्या, थापा मारू नकोस. आता उडवतो ती धाकटी भावंडं. वर जातात, समुद्रात पडतात. मग मधली येतील. थोरला अजून कागदावर आहे. तो उपग्रह वर नेणार आणि पृथ्वीभोवती फिरत सोडणार." थोरल्याच्या तुकडीत आपलं नाव लागावं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही त्याने मागितलेलं मला आठवत नाही.

आणि ते हातचं जायची वेळ आली. इंधन भरण्याआधी त्याने रॉकेटच्या पोलादी नळीवर पेरं वाजवली आणि अडून बसला, आवाज बद्द आहे, भरू नका. काम थांबलं, उड्डाण पुढे गेलं, पाहायला आलेली बडी मंडळी परतली. नळी कापून तपासली, तर दोष काहीच नाही! नळी ठणठणीत निघाली. लेखी खुलासा टपालाने पाठव, असं सांगून त्याला रजेवर घरी धाडलं.

मी म्हटलं, "माफी माग आणि मोकळा हो. थोरला हवा ना?" लगेच बसून खुलाशाचा मसुदा मीच लिहिला. काय भाषा! 'अज्ञानवश', 'क्षमायाचना', 'आपला चरणरज'... मीच तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. दामूने कागद घेतला, "छान आहे," म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो गेला. अवघं बेचाळिसावं चाललं होतं.

तेराव्याला त्याचे साहेब आले, दोन दिवस गाडीत काढून. हिंदीत बोलत होते, तेही अडखळत. म्हणाले, थोरल्याच्या तुकडीत दामोदरचं नाव घातल्याचा हुकूम त्यांनी काढला होता. तो टपालात पडला त्याच दिवशी इथून तार पोचली. त्यांनी दामूचा खुलासा वाचून दाखवला. चारच ओळी. 'मला आवाज बद्द वाटला. नळी चांगली निघाली, म्हणजे माझा कान चुकला. पण पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा थांबवीन.'

"याच्यासाठीच घेतला त्याला," साहेब म्हणाले. "माफी मागितली असती तर नसता घेतला. थांबवल्याची ज्याला लाज वाटते, तो पुढच्या वेळी गप्प बसतो." मग विचारलं, "हे लिहून कोणी दिलं?"

सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. गावातले अर्ज मीच लिहितो.

"मी नाही," मी म्हणालो. "माझा कागद वेगळा होता. त्याचं काय झालं, कुणास ठाऊक."

दामूची बायको, आमच्या वहिनी, कोपऱ्यात बसल्या होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "चुलीत घातला त्यांनी. म्हणाले, नाटक्याला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला."