चिंचेनं घासलेलं घंगाळ

मला सासरहून काढून दिलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. काढून दिलं ते एका माणसाच्या साक्षीवर. माझ्या नवऱ्याची नसरापूरला लाकडाची वखार होती. वेल्ह्याच्या रानातून त्या वखारीला लाकूड पुरवणारा ठेकेदार भोरचा, आमच्याच जमातीतला, वजनदार माणूस. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. नवऱ्याला दुसरी बायको करायची होती आणि बोल मात्र माझ्यावर यायला हवा होता. ठेकेदार जमातीच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "वेल्ह्याच्या बाजारात एका गाडीवानासंगं हिला हसताना म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

मी वेल्ह्याला जन्मात गेले नव्हते. पण मला कुणी विचारलं नाही. बायका पडद्याआड बसल्या होत्या आणि पडद्याआडून बोलायची रीत नव्हती.

माहेर भोरचंच. अब्बा भांड्यांना कल्हई करायचे. मी परत आले त्या दिवशी ते भट्टीपुढं बसून होते. माझी ट्रंक त्यांनी आत नेऊन ठेवली आणि पुन्हा भाता ओढायला लागले. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, पण नमाजाला जाताना ते आता मागच्या गल्लीनं जायचे, हे मला दिसत होतं. मी वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. घरात बसून एकच विचार करायचे, त्या माणसाच्या तोंडातून तो शब्द परत कसा काढून घ्यायचा.

गावाबाहेर नीरेच्या अंगाला एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा बंगला होता. आयुष्यभर बोटीवर नोकरी करून ते भोरला येऊन राहिले होते. त्यांची भांडी अब्बांकडे यायची. स्वयंपाकाच्या बाईंना हाताखाली कुणी हवं होतं म्हणून अब्बा मला तिथं घेऊन गेले. बंगल्यातल्या उत्तरेकडच्या खोलीत काचेची एक मोठी पेटी होती आणि त्यात पाण्याखाली तीन जनावरं बसली होती. वीतभर लांब, चार पाय, रुंद तोंड, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल तुरे. दोन काळपट आणि एक धाकटं, गुलाबी. मी किंचाळलेच.

"घाबरू नकोस, मुली," डॉक्टर म्हणाले. "हे ॲक्सोलॉटल. मेक्सिकोच्या तळ्यातले. ते तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेत."

ठेकेदाराचा विचार ज्यात तासभर तरी डोक्यातून जाईल असं काम मला वर्षभरात पहिल्यांदा मिळालं. महिन्याभरात पेटी माझ्याच हाती आली. विहिरीचं पाणी मातीच्या डेऱ्यात भरून दिवसभर ठेवायचं, मग रोज थोडं जुनं काढून थोडं नवं घालायचं. सगळं एकदम बदललं की जनावर धसका घेतं. उन्हाचा कवडसा पेटीवर पडू द्यायचा नाही. चैत्र-वैशाखात पेटीभोवती ओलं गोणपाट लावून खिडकी उघडी ठेवायची, आणि तरीही पारा चढला तर तासातासाला गोणपाट भिजवायचं. पारा बघायला डॉक्टरांनीच शिकवलं. त्या निमित्तानं आकडे, मग अक्षरं. खायला धुण्याच्या दगडाखालची गांडुळं, कधी कलेजीची बारीक पट्टी. खाऊन उरलेलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी नासतं. तळाला बारीक खडे नकोत, ते गिळतात. एकदा मोठ्या काळ्यानं गुलाबीचा पुढचा पाय तोडला. मी रडत डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "त्याला वेगळं ठेव, गार पाण्यात. बाकीचं तो करील." दोन महिन्यांत बोटांसकट नवा पाय आला.

एका गोष्टीवर मात्र ते चिडायचे. बाईंनी एकदा पेटीत तांब्याच्या तांब्यानं पाणी ओतलं तर त्यांनी तो हिसकावून घेतला. "तांब्याचं भांडं ह्या खोलीत आणायचं नाही!" मला ते सांगावं लागलं नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं आणि ते पिऊन माणसं ओकतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. ही जनावरं तर कातडीतूनच पाणी पितात.

चार वर्षं अशी गेली. मग एका थंडीत डॉक्टर छातीच्या दुखण्यानं गेले. जायच्या आधी ते मला म्हणाले होते, "हे तिघे तुझे." पण ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा मुलगा मुंबईहून आला, त्यानं बंगला आवरायला काढला आणि सामान एकगठ्ठा विकलं. घेणारा ठेकेदार होता. जंगलखात्याचा नवा साहेब त्याच्याकडे जेवायला येणार होता, आणि साहेबाला चमत्कारिक जनावरांचा शौक आहे असं त्याला कळलं होतं.

गाडीवर पेटी चढवत होते तेव्हा मी फाटकाशी उभी होते. एवढ्या वर्षांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले.

"ती माझी हायेत. डॉक्टरसाहेबांनी दिल्यात मला."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीवानाला म्हणाला, "चल रं, हाक."

"निदान कसं ठेवायचं ते तरी ऐका."

"पाली सांभाळायला काय अक्कल लागती व्हय?"

मला अजून एक वाक्य बोलता आलं असतं. तांब्यात ठेवू नका, एवढंच. ते ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा माणूस धावत आमच्या घरी आला. गाडीवर धक्का बसून पेटी तडकली होती. रात्रभर जनावरं लाकडी बादलीत ठेवली आणि सकाळी साहेबासाठी शोभा म्हणून ठेकेदाराच्या घरातलं भलंमोठं तांब्याचं घंगाळ काढलं. चिंच लावून लखलखीत घासलं. आता जनावरं वेडंवाकडं करतायत, साहेब बसलाय, लवकर चला.

जनावरं गेल्यावरही सवयीनं मी घरी दोन डेरे पाणी भरून ठेवलं होतं. ते घेऊन निघाले असते तर जाताच उपाय करता आला असता. मी डेऱ्यांकडे बघितलं आणि रिकाम्या हातानं निघाले. अब्बा माझ्या मागोमाग आले.

ठेकेदाराच्या पडवीत साहेब खुर्चीवर बसला होता आणि जमातीतले दहाबारा जण सतरंजीवर, जेवणासाठी. मला काढून देताना बसले होते त्यातलेच बहुतेक. मधोमध घंगाळ, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्यांखाली माझी जनावरं. तुरे पुढं मुडपलेले, अंगावरून चिकट सालं सुटलेली. गुलाबी तर एका कुशीवर तरंगत होती.

"काय होतंय यांना?" साहेबानं विचारलं.

"काय न्हाई साहेब, नव्या जागंला बुजल्यात," ठेकेदार हसत म्हणाला आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, "बघ की गं. नीट कर लवकर."

"हुत्याल नीट," मी म्हणाले. "काय झालंय ते कळलंय मला."

"मग सांग की!"

"आदी तुमी सांगा. वेल्ह्याच्या बाजारात मी कधी दिसले तुमाला?"

ठेकेदारानं सतरंजीवरच्या लोकांकडे नजर टाकली.

"हे काय हितं काढायचं हाय?"

"हितंच. जमात हितंच बसलीया."

"ठेकेदार, काय प्रकार आहे हा?" साहेब म्हणाला.

"काय न्हाई साहेब, डोकं फिरलेली बाई हाय." मग माझ्यावर ओरडला, "अगं, मरत्याल ती!"

"मरत्याल," मी म्हणाले.

गुलाबीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते दिसत होतं. तिचा पाय नव्यानं फुटताना मी रोज बघितला होता, आणि तरीही माझा हात पुढं झाला नाही. अब्बा मागून म्हणाले, "बास, पोरी." मी त्यांच्याकडे वळले नाही. ती पडवी, तो माणूस आणि तेच कान माझ्या पुढं एकत्र पुन्हा कधी येणार नव्हते.

"न्हाई बघितलं," ठेकेदार पुटपुटला.

"मोठ्यानं."

"न्हाई बघितलं म्या हिला! हिच्या नवऱ्यानं सांगितलं तसं बोललो. झालं समाधान?"

जमातीतल्या सगळ्यात वडील माणसानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी अब्बांना म्हणाले, "घरातलं दोन डेरं आणा," आणि साहेबाला सांगितलं, "घंगाळाचं तांबं बाधलंय त्यांना." मग जनावरं ओल्या फडक्यावर काढून घेतली. अब्बा त्या वयात ठेकेदाराच्या माणसाला घेऊन पळत गेले, एकेक डेरा घेऊन पळत आले. दोन काळी वाचली. गुलाबी डेरे यायच्या आधीच गेली होती.

साहेबानं विचारलं, "एवढं यातलं तुला कसं कळतं?" मी डॉक्टरांचं सांगितलं. "मग ही हिच्याकडेच राहू द्या," तो ठेकेदाराला म्हणाला. साहेबापुढं नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. आम्ही निघालो तेव्हा सतरंजीवरच्यांपैकी तिघे जणही न जेवता उठले.

गुलाबीला मी परसात पुरलं. अब्बा म्हणाले, "तू आदी पाणी मागितलं असतंस तर जगली असती." मी म्हणाले, "व्हय." ते खरंच होतं. त्या जनावराचं मला अजून वाईट वाटतं. त्यानं माझं काही केलं नव्हतं. अब्बांनी दोन काळ्यांसाठी परसात सावलीला दगडी हौद बांधून दिला. पहिलं दोन वर्षं जगलं, दुसरं पाच. नवऱ्यानं नसरापूरहून निरोप धाडला की झालं गेलं विसरून ये. मी त्याच माणसाबरोबर उलट निरोप दिला की तुझ्या वखारीला आग लागली तरी बघायला येणार नाही. अब्बा पुन्हा पुढच्या गल्लीनं मशिदीत जायला लागले.

ठेकेदाराचा धंदा काही बुडाला नाही. लाकूड येत राहिलं, घर वाढत राहिलं. पण भोरच्या पेठेत मी समोरून येताना दिसले की तो जवळच्या दुकानाच्या फळीआड व्हायचा. मी मुद्दाम त्या दुकानापुढं थांबायचे आणि चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे, "सलाम, ठेकेदार. वेल्ह्याच्या बाजाराला निघालात का?" लोक वळून बघायचे, कुणीतरी हसायचं, आणि त्याला फळीआडून बाहेर यावं लागायचं. तो मरेपर्यंत नऊ वर्षं मी हे केलं. एकदाही चुकवलं नाही.