व्हिसाच्या खोलीत भेटलेली बाई

ज्या देवीच्या दर्शनाला मी निघाले होते तिनेच मला वाटेत अडवलं, याचा तेव्हा फार राग आला होता. आज तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहत होतो. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. एका मासिकात मी जावा बेटावरच्या जुन्या शिवमंदिरातली महिषासुरमर्दिनी पाहिली आणि वाटलं, ही तर आमचीच आई, समुद्रापलीकडे जाऊन उभी राहिलेली. भारतात जाताना इंडोनेशियात उतरून तिची ओटी भरायची, असं मी मनाशी ठरवलं. यजमानही कौतुकाने तयार झाले.

लायब्ररीतून प्रवासाची पुस्तकं आणली. देवळात खांदे झाकावेत, डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये, नळाचं पाणी पिऊ नये, पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक असावी. हिवताप टाळायला निघण्याआधीपासूनच आठवड्याला एक गोळी घ्यावी. डॉक्टरांकडून गोळ्याही आणल्या आणि नेमाने सुरू केल्या.

दुसऱ्या गोळीनंतर ताप आला. डोळे चुरचुरू लागले, ओठ सोलवटले. फ्लू असेल म्हणून मी तशीच यजमानांबरोबर न्यूयॉर्कला व्हिसासाठी गेले. भारतीय पासपोर्ट असल्याने आम्हाला व्हिसा लागत होता, आणि विमान तर चार दिवसांवर आलं होतं.

इंडोनेशियाच्या वकिलातीतल्या खोलीत माझ्या शेजारी जावाचीच, माहेरी निघालेली एक बाई बसली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती मला मंदिराची वाट सांगू लागली. कुठली बस, कुठे उतरायचं, ऊन चढायच्या आत कसं पोहोचायचं. सांगता सांगता ती थबकली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

मी ओशाळले, पण उघडलं. आत सगळे फोड होते.

"हिवतापाची गोळी घेता? सल्फाची?"

"हो. आज तिसरी घ्यायची आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "घेऊ नका. माझी बहीण अशीच गेली. आत्ता हॉस्पिटलमध्ये जा."

तेवढ्यात आमचा नंबर आला. यजमान म्हणाले, "अगं, दोन मिनिटं थांब. आज काम झालं नाही तर सगळी ट्रिप कॅन्सल करावी लागेल."

त्या बाईने माझा दंड धरला आणि मला उठवलं. यजमानांना म्हणाली, "देऊळ हजार वर्षं उभं आहे. ही उभी राहणार नाही."

आम्ही निघालो. टॅक्सीत मी रडत होते, पण दुखण्यापेक्षा दर्शन हुकलं म्हणून.

हॉस्पिटलमध्ये नर्सने सलाइनच्या सुईवरची चिकटपट्टी हलकेच काढली आणि पट्टीबरोबर माझी कातडी निघून आली. मी पाहतच राहिले. ते माझंच अंग आहे हे मनाला पटत नव्हतं. डॉक्टरांनी यजमानांना बाजूला नेऊन सांगितलं, "ही त्या सल्फाच्या गोळीची रिॲक्शन आहे. आणखी एक गोळी पोटात गेली असती, तर बहुधा आमच्या हातात काही उरलं नसतं."

कितीतरी दिवस मी तशीच पडून होते, बोलता येत नव्हतं, नीट दिसतही नव्हतं. नामस्मरण करायला गेले तर भीतीने शब्दच सुचत नसत. मग एका सकाळी मी धडपड सोडली. म्हटलं, आई, तुला काय करायचं ते कर. त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली. हळूहळू नवी कातडी आली.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. यजमान नंतर वकिलातीत जाऊन आले, पण कुणाला ती आठवत नव्हती. तिला मी देवी म्हणणार नाही. तीही माझ्यासारखीच माहेरी निघालेली, बहिणीसाठी झुरणारी एक बाई होती. पण त्या खोलीत इतक्या खुर्च्या असताना ती माझ्याच शेजारी बसली, एवढं मला पुरे आहे.

आता कुठेही निघताना देवापुढे हात जोडते, तेव्हा 'सुखरूप पोहोचव' असं मागत नाही. 'जिथे थांबवायचं असेल तिथे थांबव,' एवढंच म्हणते.