चिमाबाईची जीभ आणि चिमाबाईचाच डोळा

आमच्या सांगोल्याकडच्या वाडीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं, की त्याला धरून चिमाबाईच्या अंगणात नेऊन बसवायचं, हा रिवाज. भुसा असो, माती असो, डाळिंबाचं वाळकं पान असो. चिमाबाई चूळ भरणार, माणसाचं डोकं मांडीवर घेणार, पापणी अंगठ्यानं उलटवणार आणि जिभेच्या टोकानं तो कण अलगद उचलून तळहातावर ठेवणार. मग तो तळहात सगळ्या बघ्यांपुढून फिरायचा. यावरून तिला डोळंवाली म्हणतात. मोबदला काय, तर चिमूटभर तंबाखू. ती तिथल्या तिथं गालात जायची आणि पुढचा माणूस आला की त्याच गालातली जीभ पुन्हा बाहेर.

मी बागेत राबणाऱ्या बायकांची संघटना चालवते. भांडणं हा माझा रोजचा धंदा, पण चिमाबाईपुढे तो कधी चालला नाही.

"मावशी, तुमचं तोंड म्हणजे तंबाखूचं गोदाम. ते लोकांच्या डोळ्यात घालता?"

"तुझं तोंड तर त्याच्यापरास वंगाळ हाय, रेश्मे. ते तू अख्ख्या तालुक्याच्या कानात घालतीस. मी कवा काय म्हनले का?"



साठी उलटलेली बाई. नवरा हरिबा मेंढरं राखतो आणि शब्द जपून वापरतो, कारण घरातले सगळे शब्द चिमाबाई वापरते. स्वतःच्या नजरेचा तिला भारी तोरा. समोरच्या माळावर चुकलेलं कोकरू हरिबाला दिसायच्या आधी तिला दिसायचं, आणि नुसतं दिसायचं नाही, ते कुठल्या मेंढीचं तेही ती अंगणातून सांगायची. मेंढरात हरिबा फिरायचा आणि मेंढरं सांभाळायची ती.

तर यंदा छाटणीच्या हंगामात चिमाबाई मजूर बायकांच्या टोळीबरोबर एका बागेत होती. डाळिंबाची फांदी कात्रीनं तुटता तुटता निसटली आणि चाबकासारखी उलटली. काटा डाव्या डोळ्यात. तिनं डोळ्यावर पदर दाबला, दोनचार शिव्या त्या झाडाला दिल्या, दोनचार बागवाल्याला दिल्या, आणि ओळ पुरी करूनच घरी आली.

घरी आल्यावर खरी पंचाईत. सगळ्या वाडीचे डोळे बघणाऱ्या बाईचा डोळा बघणार कोण? तिनं जावेला, शिवबाईला बोलावलं. शिवबाई बिचारी नको नको म्हणत होती. पण हिनं तिला अंगणात बसवलं, स्वतः तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपल्या जागेवरून हुकूम सोडायला लागली. पापणी अशी धर. जीभ मऊ कर. अगं चाटतीस काय वासरागत, टोक लाव नुसतं. शिवबाईनं टोक लावलं. जिभेला काही लागलं नाही, कारण आत काही राहिलंच नव्हतं. काटा आत जाऊन बाहेर आला होता आणि जाताना बुबुळाला बारीक भोक पाडून गेला होता. हे आम्हांला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी गेले ते टोळीच्या हजेरीचं बोलायला. चिमाबाई अंगणात चूल पेटवत होती. पदर डाव्या डोळ्यावर ओढलेला.

"डोळ्याला काय झालं?"

"डोळं आल्यात."

"एकच आला? दुसरा वाटेत हाय व्हय?"

हरिबा गालात हसला. चिमाबाई हसली नाही, तेव्हाच मला शंका आली. पदर बाजूला करायला लावला. पापणी सुजून मिटलेली, ती बोटानं वर केली तर पांढऱ्या भागाचा लालभडक चिखल झालेला, आणि बुबुळामागं खालच्या बाजूला पांढुरका पट्टा साचलेला, पेल्याच्या तळाशी साय बसावी तसा. पापणी तशीच धरून मी तिचा उजवा डोळा दुसऱ्या हातानं झाकला.

"समोर कोण हाय?"

"तू."

"कसं वळखलं?"

"एवढ्या मोठ्यानं दुसरं कोण वरडतंय?"

मग मी हरिबाला खुणेनं पुढं उभं केलं आणि गप्प बसले. चिमाबाईचं तोंड इकडं तिकडं हललं. कोण ते तिला सांगता येईना. नवरा हातभर अंतरावर होता.

"दवाखान्यात चला," मी म्हणाले.

"मी? मी गेले तर लोक काय म्हनतील? डोळंवालीच दवाखान्यात."

माझं डोकं फिरलं. पण ओरडून ती हलणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, "तुमच्या अंगणात असा पू झालेला डोळा कुणी आणला, तर काय करता?"

तिनं दोन काड्या चुलीत सारल्या. "न्हाय शिवत," ती म्हणाली. "पू दिसला की डाक्टरकडं लावून देते. माझं काम वरचं. आतलं न्हाय."

"मग?"

"मग काय मग. पिशवी आन ती."

डाळिंबाचे क्रेट घेऊन एक टेम्पो सोलापूरला निघाला होता. पुढच्या सीटवर आम्ही तिघी कोंबून बसलो, कारण शिवबाई ऐकेना. आपल्या जिभेनं जावेचा डोळा गेला तर तोंड कुठं दाखवू, असं तिचं चाललेलं. "तेच तोंड कुटं दाखवू नगंस आता," चिमाबाई म्हणाली, आणि मग सोलापूर येईपर्यंत तिचाच हात धरून बसली.

सोलापुरात एका मोठ्या दवाखान्यात पोचलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, ओपीडी संपली, उद्या या. मी त्याला विचारलं, उद्या तुझा डोळा देतोस का हिला? हे मी जरा मोठ्यानं विचारलं असावं, कारण आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आली, कोण ओरडतंय बघायला. पायल तिचं नाव, डोळ्याच्या आतल्या पडद्याची तज्ज्ञ. तिनं चिमाबाईच्या तोंडावरचा पदर उचलला आणि मला दटावायचं विसरूनच गेली.

आत तपासून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, डोळ्यात काय घातलंत?"

"कायबी न्हाय. पान्यानं धुतला."

शिवबाई छताचा पंखा बघायला लागली.

"आजी, काट्यावरची बुरशी वेगळी आणि माणसाच्या तोंडातले जंतू वेगळे. औषध कुठलं सोडायचं ते मला आत्ता ठरवायचंय. खरं सांगा."

मी बोलायला तोंड उघडलं. चिमाबाईनं हात वर करून मला थांबवलं. चाळीस वर्षांचं डोळंवालीपण तिच्या घशात अडकलं होतं, ते तिनं स्वतःच बाहेर काढलं.

"जीभ लावली. माझी न्हाय, हिची. माझी माझ्या डोळ्यापातुर पोचत न्हाय. पोचली असती तर असं झालं नसतं."

"तरीही झालंच असतं," पायल म्हणाली.

मग तिनं समजावलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा स्वच्छ गोळा असतो. तिथं जंतू एकदा शिरले की त्यांना अडवणारं कुणी नसतं, दुधाला विरजण लागावं तशी ती जेली नासते. नुसते वरून घातलेले थेंब तिथवर पुरेसे पोचत नाहीत. आपल्याकडं हे काट्यानं, उसाच्या पात्यानं, उडालेल्या लोखंडाच्या किरचीनं होतं. क्वचित मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होतं. साखरेचा आजार असलेल्या माणसाला शरीरात दुसरीकडचा जंतू रक्तातून येऊनही होतं. दुखणं वाढलं, नजर अंधुक झाली, की तो डोळे आल्याचा प्रकार नव्हे. त्याच दिवशी यायचं.

"डोळा काडनार का?" चिमाबाईनं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"काढावा लागू नये म्हणूनच आज ऑपरेशन करायचं. नासलेली जेली काढते, आत औषध सोडते. नजर किती परत येईल, ते आज सांगत नाही."

चिमाबाईनं गालातली तंबाखू काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. संमती म्हणतात ती हीच असावी.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. भूल फक्त डोळ्यापुरती, त्यामुळं बाई जागी. पायलनं नंतर सांगितलं, आजी मधेच विचारत होत्या, पोरी, तू कुणाच्या हाताखाली शिकलीस, हात हलका हाय तुजा. बुबुळाच्या कडेला सुईएवढ्या वाटा करून पू झालेली जेली बारीक यंत्रानं कापत ओढून घेतली, थोडी तपासायला पाठवली, जागा स्वच्छ पाण्यानं भरली. तपासणीचा कागद आला, तर जंतू तोंडातलेच निघाले. ते ऐकून शिवबाईनं तोंडाला पदर लावला तो जेवायलाही काढेना. शेवटी चिमाबाईच म्हणाली, "खा गं. तुझे कसले, मीच लावाय सांगितलं."

पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा नुसता उजेड दिसला. पुढच्या खेपेला हात हललेला. मग बोटं, पण मोजताना चुकणारी. पायल म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर डोळाच राहिला नसता.

आता अंगणात लोक अजून येतात. जीभ मात्र आत. भुसा, माती असेल तर ती उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा धुते. काटा लागला म्हणालं कुणी, की डोळ्याला बोटसुद्धा न लावता त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करून त्याला सोलापूरच्या वाटेला लावते. तंबाखू तेवढी अजून घेते, सल्ल्याची म्हणून. टोळीला संरक्षक चष्मे मिळवायला मला बागवाल्याशी भांडावं लागलं आणि ते घालायला लावायला चिमाबाईशी. ती तो चष्मा कपाळावर चढवून फिरायची. सध्या डोळ्यांवर असतो, निदान मी बागेत असेपर्यंत तरी.

परवा गेले तर मला अंगणात थांबवलं. स्वतःच्या हातानं उजवा डोळा झाकला.

"बोलू नगंस. गप हुबी ऱ्हा."

मी गप उभी राहिले. सोपं नव्हतं. हरिबा मेंढरं सोडायचं थांबवून बघत राहिला, शिवबाई दारात. चिमाबाईनं मान वाकडी केली, पुढं आली, मागं सरली.

"तूच हायस," ती म्हणाली. "कमरंवर हात ठिवून भांडाय हुबं दुसरं कोन ऱ्हातंय. पातळ हिरवं नेसलीयास."

माझं पातळ निळं होतं. मी वाद घातला नाही.