मनालीच्या तीन ओटी

आमच्या मनालीचा जन्म ओटीतच गेला, असं मी तिला चिडवते. बाप तुर्भ्याच्या कारखान्यात ओटी करायचा, म्हणजे ओव्हरटाइम. त्याच्यावर ही नर्सिंग शिकली. मग आमच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबरच ओटीला लागली, म्हणजे ऑपरेशन थिएटरला. आता पोरगा शौनक सहा वर्षांचा, पण बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी त्याला ओटी सांगितली. ऑक्युपेशनल थेरपी. तिच्या सासूबाईंना ओटी म्हटलं की खण-नारळच आठवतो, त्यांना समजावताना ही रडकुंडीला आली.

खांदेश्वरच्या थेरपी सेंटरात तीन महिन्यांनी नंबर लागला, शुक्रवारी चारला. उशीर झाला की नंबर गेला.

शुक्रवारी ही दोनला सुटायची, तर सिझर आलं. बाळ सुखरूप निघालं. सव्वातीन झाले. आता पोट शिवायचं, पण त्याआधी रक्त टिपायचे कापडी मॉप मोजायचे; एकही आत राहता कामा नये. मनाली ट्रॉलीवरचे मोजणार, मी वापरून स्टँडला लटकवलेले. एकूण दहा.

तिचे चार. माझे पाच.

परत मोजले. पाचच. मी घड्याळ बघितलं, तिचं तोंड बघितलं. असेल बादलीत चिकटलेला, असं मनाशी म्हणत "सहा, पूर्ण" बोलले आणि मोजणीच्या कागदावर सहा लिहून सही ठोकली. हो, ठोकली. सांगायला लाज वाटते.

डॉक्टरांनी सुई मागितली. मनालीनं दिली नाही. ती स्टँडकडे बघत होती.

"सर, तिथं पाचच दिसतायत. थांबा."

डॉक्टर भडकले. सही झालीय, बाईचं बीपी उतरतंय, काही झालं तर तू जबाबदार, सगळं सुनावलं. मनालीनं सुई सोडली नाही.

"पाचच आहेत, सर," मी म्हटलं.

बादली उपसली, चादरी झटकल्या. शेवटी डॉक्टरांनी पोटात हात घातला. आतड्यामागून मॉप निघाला, रक्तानं भिजून एवढासा झालेला.

बाहेर आलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. "अगं, तुझ्या शौनकसाठी केलं गं," मी रडत म्हटलं.

"माझ्या पोराचं नाव यात घेऊ नकोस, जयमाला."

ती जिन्यावर बसून सेंटरला फोन लावू लागली. मी कागदावरचे सहा खोडून पाच केले आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.